डिझेल विकून गॅसचा ट्रक घेतला: फोर्ड एफ-२५०, ७.३ लिटर, दोन वर्षं वापरल्यावर

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण गावाकडून वाचणाऱ्यांचा दरवेळी गोंधळ होतो, इथे अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल, सीएनजी नाही. पंपाला पण गॅस स्टेशनच म्हणतात. तर प्रश्न असा की हेवी ड्युटी पिकअप घ्यायचा, म्हणजे एफ-२५०, रॅम २५०० किंवा सिल्व्हराडो २५०० एचडी या साइझचा, तर पेट्रोल इंजिन घ्यायचं का डिझेल. मला या दोन वर्षांत निदान दहा-बारा मराठी लोकांनी हे विचारलंय, कुणी कॅम्पर म्हणजे ट्रकमागे ओढायचं फिरतं घर घेतलंय, कुणी शहराबाहेर पाच एकर घेऊन शेळ्या पाळल्यात, एकाने तर घोडे घेतलेत, आणि प्रत्येकाला तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. मूळचा कराडकडचा. आमच्याकडे ४०७ टेम्पो होता, ट्रॅक्टर होता, सगळं डिझेल. लहानपणी अंधारात टेम्पोचा आवाज लांबून ओळखायचा, बाबा आले म्हणून गेट उघडायला पळायचं. त्यामुळे ओझं म्हणलं की डिझेल हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की इथे पहिला पिकअप घेताना पेट्रोलचा विचारसुद्धा केला नाही. बाबांना फोन केला तर ते पण म्हणाले, "डिझेलच घे रे, पेट्रोलवर कधी ओझं ओढतं का?" घेतला. पाच वर्षं जुना, सत्तर हजार मैल चाललेला डिझेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीपेक्षा माझ्या वापराची चूक जास्त होती आणि आजच्या तिन्ही कंपन्यांच्या डिझेलला तीच सिस्टीम आहे.

माझा वापर काय होता ते बघा. घर ते ऑफिस सहा मैल. मुलांची शाळा दोन मैल. शनिवारी होम डेपोतून माती, लाकूड, कधी ग्रोसरी. महिन्यातून एक-दोनदा आमच्या ढोल-ताशा पथकाचा ट्रेलर ओढायचा, सोळा फुटी बंद ट्रेलर, त्यात बावीस ढोल, दहा ताशे, झांजा, ध्वज, टोल, सगळं. आणि उन्हाळ्यात दोन मोठ्या ट्रिपा कॅम्पर घेऊन. म्हणजे वर्षातले तीनशे दिवस ट्रक रिकामा आणि थंड, इंजिन धड गरम व्हायच्या आत बंद.

आणि आजच्या डिझेलला हेच सोसत नाही. बाबांच्या ४०७ ला चालायचं, कारण त्याच्या सायलेन्सरमध्ये काहीच नव्हतं, काळा धूर सरळ बाहेर. आताच्या डिझेलला एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी पकडायची जाळी. ती भरत आली की ट्रक स्वतःच जास्तीचं डिझेल जाळून एक्झॉस्ट साडेपाचशे-सहाशे डिग्री सेल्सियसपर्यंत तापवतो आणि काजळी जाळून टाकतो, याला रीजन म्हणतात. हायवेवर अर्धा तास एका स्पीडने चालवा, होऊन जातं, तुम्हाला कळत पण नाही. पण सहा मैलांत ऑफिस आलं आणि मी चावी काढली की ते अर्धवट राहायचं. दुसऱ्या दिवशी परत सुरू, परत अर्धवट. मला आधी समजायचंच नाही, पार्किंगमध्ये उतरलं की गरम लोखंडाचा उग्र वास यायचा, पंखा घोंघावत असायचा, आणि मी ट्रक बंद करून आत जायचो. बऱ्याच इंजिनांत या जास्तीच्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो, म्हणजे रीजन अर्धवट राहत गेलं की ऑइल पण पातळ होत जातं. डिपस्टिक काढून बघितली तर लेव्हल वर गेलेली. ऑइल वाढलं म्हणून खूश होण्यासारखी गोष्ट नाही ती.

मग डॅशबोर्डवर मेसेज यायला लागला, एक्झॉस्ट फिल्टर भरलाय, साफ व्हायला गाडी चालवत राहा. तर मी रात्री जेवण झालं की उगाच हायवेवर वीस मैल जाऊन वीस मैल परत यायचो. फिल्टर जाळायला. बायको म्हणाली, "अरे आपण याला फिरवायला नेतोय का हा आपल्याला?"

शेवटी ऐन गणपतीत घात झाला. विसर्जनाचा शनिवार, पथकाची सगळी पोरं-पोरी भगवे फेटे बांधून तिकडे उभी, सकाळी साडेनऊला मिरवणूक सुरू व्हायची, आणि मी ट्रेलर जोडून स्टोरेजमधून बाहेर पडलो तर डॅशवर पिवळा दिवा आणि मेसेज, डीईएफ सिस्टीममध्ये बिघाड, इतक्या मैलांनंतर स्पीड ५० वर लॉक होणार. डीईएफ म्हणजे युरियाचं पाणी, ३२.५ टक्के युरिया, ते एक्झॉस्टमध्ये फवारतात म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी होतो. ते संपलं किंवा त्याचा सेन्सर बिघडला की ट्रक आधी हळू करायचा आणि तरी दुरुस्त नाही केला तर जवळजवळ चालूच द्यायचा नाही अशी सोय तेव्हा सरकारी नियमांमुळे केलेली असायची. टाकी भरलेली होती, सेन्सर गेला होता. मी फ्रीवे सोडून सर्व्हिस रोडने चाळीस-पंचेचाळीसने गेलो. पोचलो साडेदहाला. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी रांग लावून दहा मिनिटांत ढोल उतरवले, पण लहान मुलं तासभर उन्हात उभी राहिली होती ते माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

सोमवारी ट्रक दुरुस्तीला दिला तो तीन आठवडे तिथेच. सेन्सर बदलला, डीपीएफ काढून साफ केला, बिल २,८७० डॉलर. आणि चार महिन्यांनी फिल्टरचा मेसेज परत. तेव्हा एका वयस्कर मेकॅनिकने मला सरळ सांगितलं की तुझ्या ट्रकला काही झालेलं नाही, तू त्याला उपाशी ठेवतोयस, हे इंजिन रोज ओझं ओढायला बनवलंय, याला शाळेच्या लाइनमध्ये उभं करू नकोस. ओळखीतल्या एकाने दुसरा उपाय सांगितला, डिलीट करून टाक म्हणजे डीपीएफ कापून सॉफ्टवेअर बदल. ते मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका, फेडरल क्लीन एअर कायद्याने ते बेकायदेशीर आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती काजळी शेवटी शाळेच्या त्याच लाइनमध्ये आपल्याच पोरांच्या नाकात जाणार.

तर विकला. दोन वर्षांपूर्वी, २०२३ च्या शेवटी हा एफ-२५० घेतला, क्रू कॅब, फोर बाय फोर, ७.३ लिटरचा व्ही-८ पेट्रोल, मागचा ॲक्सल ४.३० रेशोचा, म्हणजे ओढायला जोर जास्त. आता २३ हजार मैल झालेत.

हे ७.३ इंजिन म्हणजे मुद्दाम जुन्या पद्धतीने बनवलेलं आहे. फोर्डने २०२० च्या मॉडेलला आणलं, लोक याला गॉडझिला म्हणतात. ब्लॉक कास्ट आयर्नचा, टर्बो नाही, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली आणि पुशरॉडने व्हॉल्व्ह उघडतात, पेट्रोल पोर्टमध्ये फवारतात. म्हणजे हाय प्रेशर फ्युएल पंप नाही, इंटरकूलर नाही, डीपीएफ नाही, डीईएफ नाही. बॉनेट उघडलं की स्पार्क प्लग हाताला लागतात. ४३० हॉर्सपॉवर आणि ४८५ पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. त्याच्याच खाली ६.८ लिटरचं पेट्रोल आहे, ४०५ हॉर्सपॉवर आणि ४४५ टॉर्क, ते पण चांगलं आहे पण ट्रेलर ओढायचा असेल तर थोडे जास्तीचे पैसे टाकून ७.३ च घ्या. आणि याच ट्रकमध्ये ६.७ पॉवर स्ट्रोक डिझेल घेतलं तर ४७५ हॉर्सपॉवर आणि टॉर्क १,०५०, आणि हाय आउटपुट घेतलं तर ५०० आणि १,२००. दुपटीपेक्षा जास्त टॉर्क आणि तो पण दोन हजार आरपीएमच्या खालीच मिळतो. हे आकडे बघून कुणाचंही मन डिझेलकडेच जाणार, माझंही गेलं होतं, त्यात चूक काही नाही. फक्त त्या टॉर्कचे साधारण १० हजार डॉलर जास्तीचे मोजायचे असतात आणि तो टॉर्क आपण वर्षातले किती दिवस वापरणार हे मोजायचं असतं.

मी हिशोब मांडला तो असा. वर्षाला ११ हजार मैल, त्यातले तीन हजार ट्रेलर लावून. माझा ट्रक ट्रेलर लावून गॅलनला साडेआठ मैल देतो, रिकामा, शहर आणि हायवे मिसळून, साडेतेरा. आपल्या भाषेत ट्रेलर लावून लिटरला साडेतीन किलोमीटर, हो, इतकंच. डिझेलवाला मित्र आहे त्याला ट्रेलर लावून साडेअकरा आणि रिकामा सतरा मिळतात. म्हणजे मला वर्षाला साधारण ९४६ गॅलन लागतात, डिझेलमध्ये ७३२ लागले असते. सरळ २१४ गॅलन वाचतात, चांगली बचत वाटते. पण आमच्याकडे हिशोब केला तेव्हा पेट्रोल २.८० आणि डिझेल ३.४० डॉलर होतं, तर पेट्रोलचे झाले २,६५० आणि डिझेलचे २,४९०. वर्षाला एकशे साठ डॉलर वाचले. दहा हजार टाकून. डिझेल इथे पेट्रोलपेक्षा महागच राहतं बहुतेक, फेडरल टॅक्सच डिझेलवर गॅलनला २४.४ सेंट आणि पेट्रोलवर १८.४ आहे, आणि २०२२ च्या जूनमध्ये तर देशाची सरासरी डिझेलला ५.८० च्या वर गेली होती तेव्हा पेट्रोल ५ च्या आसपास होतं. भारतात डिझेल स्वस्त असायचं त्या सवयीने इथे हिशोब करू नका.

त्यात डीईएफ वेगळं, डिझेलचे फ्युएल फिल्टर वेगळे, ऑइल माझ्या इंजिनाला आठ क्वार्ट लागतं तर डिझेलला बारा-तेरा. एक बाजू मात्र डिझेलची खरी आहे, विकताना त्या दहा हजारातले बरेचसे परत येतात, माझ्या जुन्या ट्रकला पण भाव चांगला आला होता. ज्याला दर तीन-चार वर्षांनी ट्रक बदलायची सवय आहे त्याने हे धरूनच हिशोब करावा.

आता वजनाचं सांगतो कारण शोरूममध्ये हे कुणीच आपणहून बोलत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती पाउंडाच्या वर जाऊ नका ते लिहिलेलं. माझ्यावर ३,२१४ आहे, म्हणजे साधारण १,४५८ किलो. मित्राचा त्याच साइझचा डिझेल, लेदर सीट, सनरूफ, सगळं भरलेलं मॉडेल, त्याच्यावर २,२३८. हजार पाउंडाचा फरक! कारण बऱ्याच एफ-२५० ना एकूण वजनाची मर्यादा १० हजार पाउंड लावलेली असते, आणि डिझेल इंजिन, त्याचा टर्बो, रेडिएटर, डीईएफची टाकी हे सगळं मिळून कैक शे पाउंड जड, ते तुमच्या सामानातूनच कापलं जातं, वर लक्झरी मॉडेलचं वजन आहेच. म्हणजे डिझेल ओढतं जास्त पण पाठीवर उचलतं कमी.

आणि ट्रेलर नुसता मागे ओढायचा नसतो, तो हिचवर म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर बसतो पण. साध्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर येतं, फिफ्थ व्हीलचं, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यातच जोडायच्या मोठ्या ट्रेलरचं, तर १५ ते २५ टक्के. आमचा कॅम्पर भरून ७,८०० पाउंड होतो. अंदाज नाही, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर नेऊन काट्यावर घातलाय, थोडेच डॉलर लागतात, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर, तिन्हीचं वजन वेगवेगळं छापून मिळतं, ऊस कारखान्याच्या काट्यासारखंच. हिचवर हजार पाउंड आले. त्यात आम्ही चौघं सहाशे, हिचचं लोखंड शंभर, मागे जनरेटर, सायकली, पाण्याचे कॅन, कूलर मिळून चारशे. झाले २,१००. माझ्या ट्रकमध्ये हजाराच्या वर शिल्लक राहिली, मित्राच्या डिझेलमध्ये हेच सगळं टाकलं तर काठोकाठ. त्याने हे स्टिकर ट्रक घेतल्यावर वर्षाने पहिल्यांदा बघितलं. तो आता चौदा हजार पाउंडाचा फिफ्थ व्हील घ्यायचं म्हणतोय, तर त्याला याच्या वरच्या एफ-३५० शिवाय इलाज नाही, मग इंजिन कुठलंही असो.

आता घाटाचं, कारण सगळे तेच विचारतात. मागच्या जूनमध्ये आम्ही दोन कुटुंबं, दोन ट्रक, दोन कॅम्पर घेऊन कोलोरॅडोला गेलो, अमरिल्लो, डॅलहार्ट, क्लेटन, रॅटन करत. पहिली परीक्षा डोंगरात नाही, टेक्ससच्या वरच्या सपाटीवरच झाली. तिथे समोरून असला वारा होता की कॅम्पर म्हणजे भिंतच, माझं मायलेज साडेसहावर आलं. टाकी ३४ गॅलनची. म्हणजे दोनशे मैलांच्या आत पंप बघायचाच, आणि क्लेटन ते रॅटन ऐंशी मैलांच्या वर आहे, मध्ये गवत आणि जुने ज्वालामुखी, दुसरं काही नाही. मी क्लेटनला अर्धी टाकी असताना भरून घेतलं आणि बरं केलं. यात अजून एक त्रास आहे जो घेण्याआधी मला कुणी सांगितला नव्हता, ट्रेलर लावलेला असताना पेट्रोल भरणं. डिझेलवाला सरळ ट्रकवाल्यांच्या मोकळ्या लेनमध्ये घुसतो, भरतो, सरळ बाहेर. पेट्रोलवाल्याला कारच्या पंपावर जावं लागतं, वर छत, बाजूला खांब, समोर कुणाची तरी कार, आणि मागे तुमचा अठ्ठावीस फुटी ट्रेलर वळणार कसा. मी आता आदल्या रात्रीच सॅटेलाइट नकाशावर पंप बघून ठेवतो, आत कुठून बाहेर कुठून. दरवेळी बघतो. याबाबतीत डिझेलवाले खरंच सुखी आहेत.

कोलोरॅडोत अजून एक, तिथे साधं रेग्युलर पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं. स्वस्त दिसतं म्हणून ते भरू नका, या इंजिनाला ८७ लागतं, मधलं बटण दाबा.

मग डेनव्हरच्या पश्चिमेला आय-७०, आयझेनहॉवर बोगदा. ११ हजार फुटांच्या वर आहे तो, म्हणजे आपलं कळसूबाई दोनदा एकावर एक ठेवलं तरी थोडं कमीच पडेल. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्के कमी होते कारण हवाच विरळ, त्यामुळे माझे ४३० घोडे तिथे पोचेपर्यंत २९० च्या आसपास राहिले. जॉर्जटाउन सोडलं आणि चढ लागला. टो-हॉल म्हणजे ओझं ओढायच्या मोडवर गिअर पटापट खाली आले, आरपीएम ४,२००, मग ४,६००, आणि तिथेच बसला. आवाज असा की मुलांनी मागे टॅबलेट बंद केला. "बाबा ट्रकला काही झालं का?" धाकटी घाबरून विचारत होती. काही झालं नव्हतं. टेम्परेचरचा काटा जागचा हलला नाही, ट्रान्समिशन पण ठीक, स्पीड ४२ ते ४५, उजव्या लेनमध्ये फ्लॅशर लावून मालट्रकांच्या मागे. पेट्रोल इंजिनाला साडेचार हजारावर ओरडत चढायला काहीच अडचण नाही, ते त्याचसाठी बनवलंय, आपल्या कानाला मात्र ते सहन व्हायला शिकावं लागतं. ज्यांनी आयुष्यभर डिझेल ऐकलंय त्यांना वाटतं आता फुटणार. माझा पाय पहिल्यांदा आपोआप वर येत होता, दाबून ठेवायला मनाला सांगावं लागलं.

परत येताना सिल्व्हरथॉर्नच्या पंपावर आम्ही चाव्या बदलल्या. मी मित्राचा डिझेल चालवला त्याच्या ट्रेलरसकट, आणि त्याचा ट्रेलर माझ्यापेक्षा थोडा जडच. तो चढ मी विसरणार नाही. सरळ ६० ला वर गेलो, आरपीएम अडीच हजाराच्या आत, आम्ही आत नेहमीच्या आवाजात गप्पा मारत होतो. टर्बो हवा कोंबत राहतो त्यामुळे उंचीचं त्याला फारसं काही वाटतच नाही. आणि बोगदा संपून पलीकडे उतार लागला तिथे तर अजून मोठा फरक, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं की ट्रक स्वतःच मागे ओढल्यासारखा धरून ठेवतो, मैलच्या मैल मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. माझ्या ट्रकमध्ये उतारावर गिअर खाली येतात, इंजिन ४ हजारावर जाऊन धरतं, पण मध्ये मध्ये ब्रेक मारावाच लागतो, एकदा दाबून स्पीड कमी करायचा आणि सोडायचा, सतत पाय ठेवून बसायचं नाही. खंबाटकी उतरताना बाबा हेच करायचे. जो डोंगरात राहतो, कोलोरॅडोत किंवा युटामध्ये, आणि ज्याला दर शनिवार-रविवार ट्रेलर घेऊन हे चढायचं-उतरायचंय त्याने डोळे झाकून डिझेल घ्यावं. एक्झॉस्ट ब्रेकसाठी घ्यावं. चढाला उशीर झाला तर पंधरा मिनिटं जातात, उताराला ब्रेक तापले तर जीव जातो.

मी तिथे मैलभर तरी मनात म्हणत होतो की चूक केली, डिझेलच पाहिजे होता. मग घरी आलो, सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडलं, सहा मैल ऑफिस, बंद केला, संध्याकाळी परत. काही वास नाही, काही दिवा नाही. असे तीनशे सोमवार-मंगळवार आणि बोगदा वर्षातून दोनदा.

इतर कंपन्यांचं थोडक्यात. जीएमचं, म्हणजे सिल्व्हराडोवाल्यांचं, ६.६ पेट्रोल, ४०१ हॉर्सपॉवर, ४६४ टॉर्क, ते पण कास्ट आयर्नचं आणि साधं, फक्त डायरेक्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारतात. रॅमला ६.४ हेमी. मी दोन्ही चालवून बघितले, रॅमची केबिन तिघांत मला सगळ्यात आवडली, मुलांना पण, पण टॉर्कमध्ये आणि गिअरच्या वागण्यात ७.३ आणि त्याचा दहा स्पीड मला ट्रेलर लावल्यावर जास्त विश्वासाचे वाटले. डिझेलमध्ये जुना ट्रक घेणार असाल तर एक शब्द लक्षात ठेवा, सीपी४. हा हाय प्रेशर फ्युएल पंप आहे, डिझेलच्याच वंगणावर चालतो, फुटला तर त्याचा लोखंडी चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि पूर्ण फ्युएल सिस्टीम बदलावी लागते, हजारोंचा खर्च. जीएमच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनात २०११ ते २०१६ हा होता, २०१७ पासून त्यांनी दुसरा लावला. रॅमने २०१९-२० च्या कमिन्स डिझेल इंजिनाला लावला आणि मग रिकॉल करून परत जुना सीपी३ बसवून दिला. जुना डिझेल बघायला जाल तेव्हा कुठल्या सालचा, कुठला पंप, रिकॉल झालाय का, हे विचारा आणि पंपावर डिझेलच्या टाकीत डीईएफ कधीही पडू देऊ नका, निळं झाकण डीईएफचं, एवढी एक चूक झाली तरी बिल तितकंच येतं.

थंडीचं पण बघा. डीईएफ उणे ११ डिग्रीला गोठतं, टाकीत हीटर असतो म्हणून चालतं, पण डिझेल स्वतःच थंडीत मेणासारखं घट्ट होतं. मिनेसोटात पंपावर हिवाळी डिझेल मिळतं, तिथल्या लोकांना सवय आहे, ब्लॉक हीटर रात्री प्लगला लावून झोपतात. टेक्ससमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीसारखी थंडी अचानक आली की कुणाचीच तयारी नसते.

तर माझं स्पष्ट मत. ट्रेलर दहा-बारा हजार पाउंडाच्या आत, वर्षातला बराचसा वापर शहरातला, राहणं सपाटीला, ट्रक आठ-दहा वर्षं ठेवायचा, तर पेट्रोल घ्या, ७.३ घ्या, वाचलेल्या पैशात चांगलं वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचं वजन सगळ्या ॲक्सलवर वाटणारं) आणि ट्रेलरला दहा प्लायचे टायर घाला. बारा हजाराच्या वर रोजचं ओझं, हॉटशॉटचा म्हणजे तातडीचा माल पोचवायचा धंदा, वर्षाला पंचवीस-तीस हजार मैल आणि तेही ट्रेलर लावून, किंवा घरच डोंगरात, तर डिझेल, आणि मग त्याला रोज पळवा. घोडेवाल्या मित्राला मी डिझेलच घे म्हणालो, त्याचे दर आठवड्याला दोनशे मैल होतात चार घोडे घेऊन. शेळीवाल्याला पेट्रोल.

बाबा मागच्या हिवाळ्यात इथे आले होते तेव्हा त्यांना बाजूला बसवून पथकाचा ट्रेलर ओढत नेला. बराच वेळ काही बोलले नाहीत, खिडकी खाली करून आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "पेट्रोल आहे ना हे? ओढतंय की." उतरल्यावर दरवाजा उघडा ठेवून चष्मा लावून त्यांनी ते स्टिकर स्वतः वाचलं आणि १,४५८ किलो म्हणजे सत्तर पोती धरली तर पोत्याला किती, याचा हिशोब करत उभे राहिले.